कशाच्या जागी काय? जुनाट दाह, आहार आणि पहिले बारा आठवडे

‘दाह कमी करायला काय खाऊ?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका पदार्थाचं नाव हवं असतं. हळद, अळशी, ब्लूबेरी, ग्रीन टी, काहीही चालेल, पण नाव सांगा. मीही सुरुवात अशीच केली होती. तीन-चार बाटल्या, दोन पुड्या आणि बाकीचं खाणं जसंच्या तसं. चार महिन्यांनी फरक पडला तो फक्त खिशाला. पोटात आज जे जातंय त्यातलं काय निघणार आणि त्या रिकाम्या जागी काय येणार, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. तुम्हाला तो पहिल्याच दिवशी सुचावा म्हणून हे लिहितोय.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात. आपण कधी सूज म्हणतो, कधी दाह. छातीतली जळजळ हा वेगळा प्रकार, आणि संध्याकाळी पाय सुजतात तेव्हा बहुधा तिथे पाणी साचलेलं असतं, तेही वेगळं. इथे विषय आहे तो प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिक्रियेचा.

बोट कापलं की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, दुखते. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने नेमक्या याच चार खुणा लिहून ठेवल्या आहेत. हा दाह उपकारकच आहे. काम झालं की निवळतो. जुनाट दाहात मात्र बहुधा ताजी जखम नसते, जंतूही नसतो, तरी यंत्रणा आतल्या आत धुमसत राहते. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी हे त्याचं एक मोठं कारण आहे. ती चरबी नुसता साठा करून बसत नाही. तिच्यातून आयएल-६, टीएनएफ-आल्फा असे दाहाचे निरोप रक्तात सुटत राहतात. धूम्रपान, अपुरी झोप आणि हिरड्यांचे आजार त्यात भर घालतात.

यात दोन गट वेगळे ओळखायला हवेत. पहिला गट आमवात, क्रोन्स (आतड्याचा जुनाट आजार), सोरायसिस यांसारख्या निदान झालेल्या आजारांचा. तिथे आहार मदतनीस असतो, मुख्य काम औषधाचं. दुसरा गट वाढलेलं वजन, वाढती साखर, हृदयविकाराचा धोका यांच्यासोबत येणाऱ्या मंद, धुमसत्या दाहाचा. तिथे आहाराला खरा वाव आहे. पहिल्या गटातल्या माणसाने खाणं सुधारलं म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडल्या, तर वेदना कमी भासत असतानाही सांध्यांची झीज चालू राहू शकते. असं करू नका.

हा मंद दाह एवढा मनावर का घ्यायचा, याचं एक चांगलं उत्तर २०१७ साली मिळालं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी (रक्तातली दाहाची एक खूण) वाढलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर कॅनाकिनुमॅब या औषधाची चाचणी झाली. हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त दाहाची एक साखळी तोडते. तरीही पुन्हा झटके येण्याचं प्रमाण घटलं. म्हणजे दाह हा नुसता साक्षीदार नाही, आरोपींपैकी एक आहे. ते औषध जंतुसंसर्गाचा धोका वाढवतं, म्हणून या कामासाठी सर्रास दिलं जात नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.

पायरी १: मोजून घ्या

न मोजता आहार बदलणं म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला. डॉक्टरांना भेटून ‘एचएस-सीआरपी’ (सीआरपी बारकाईने मोजणारी) ही रक्ततपासणी करायची का, ते विचारा. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. हृदयविकाराच्या धोक्यासाठी आकडे असे वाचतात: लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर बहुतेक वेळा ताजा संसर्ग किंवा इजा असते. अशा वेळी दोनेक आठवडे थांबून पुन्हा तपासतात.

हे मी अनुभवाने शिकलो. सर्दी अंगात असताना तपासणी केली, आकडा १४ आला आणि रात्रभर झोप लागली नाही. तीन आठवड्यांनी तो २.६ होता. दुसरी एक गंमत एककाची. काही प्रयोगशाळा डेसिलिटरमागे आकडा देतात, तिथला ०.३ म्हणजे लिटरमागे ३. जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवण्याआधी एकक बघा, नाहीतर दहापट सुधारणा झाल्याचा आनंद फुकट साजरा होईल. गर्भनिरोधक गोळ्यांसारख्या तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेननेही हा आकडा वाढतो, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा.

सोबत रक्तातली साखर, लिपिड प्रोफाइल आणि कमरेचा घेर लिहून ठेवा. घेरासाठी टेप नेहमी एकाच जागी आणि श्वास सोडल्यावर. आहार बदलल्यावर आधी हलतो तो बहुधा हाच आकडा.

कारण नसताना वजन उतरणं, रात्री घाम किंवा ताप, शौचावाटे रक्त, सकाळी तासभर न सुटणारा सांध्यांचा ताठरपणा, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी निदान करून घ्या.

पायरी २: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा

सात दिवस जे तोंडात जाईल ते वहीत उतरवा. पेयंसुद्धा, आणि चालता-चालता तोंडात टाकलेलं तर नक्कीच. वजन-माप नको. पाकीटबंद पदार्थ असेल तर शेजारी ‘पा’ लिहा. आठवडा संपल्यावर ‘पा’ किती झाले ते मोजा. बहुतेकांना धक्का इथेच बसतो.

या ‘पा’चं महत्त्व २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात नीट दिसलं. वीस माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. पुढ्यात ठेवलेल्या अन्नातली साखर, स्निग्धांश, तंतू, मीठ दोन्हीकडे जुळवलेलं होतं आणि खायचं किती याची मोकळीक होती. अतिप्रक्रियेच्या पंधरवड्यात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन जवळपास किलोभर वाढलं. भूक शिस्तीला जुमानत नाही. अन्नाचा प्रकार बदलला की ती आपोआप बदलते.

वहीत आणखी एक रकाना ठेवा: झोप किती तास, वेदना दहापैकी किती. पुढे हाच रकाना उपयोगी पडतो.

पायरी ३: पहिला बदल पेयांत

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फायद्याची जागा ही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर, तसंच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली हवी, जमल्यास ५ टक्क्यांखाली. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. कोलाचा साधा कॅन एकटाच ३५ ग्रॅमच्या आसपास जातो.

फळांचा रस या हिशेबात साखरेच्या बाजूला आहे, अख्खं फळ नाही. लोकांना हे पटत नाही. पण तीन-चार संत्र्यांचा रस अर्ध्या मिनिटात पिऊन होतो, आणि तेवढी संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच थांबाल.

गोड पेयाच्या जागी पाणी, लिंबू पिळलेलं पाणी, बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी. कॉफीला घाबरू नका, साखरेला घाबरा. दारूच्या बाबतीत मी गोलमोल बोलणार नाही: जितकी कमी तितकी बरी, आणि दाह कमी व्हावा म्हणून रेड वाइन सुरू करणं ही तर निव्वळ पळवाट.

पहिले दोन आठवडे एवढंच करा. पुढची पायरी पळून जात नाही.

पायरी ४: स्निग्ध पदार्थांची अदलाबदल

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आधी ट्रान्स फॅट. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ दिसलं की वस्तू परत फळीवर ठेवा. हे पूर्ण बंद करायचं, कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून ते जगभरातून हद्दपार करायची मोहीम चालवली आहे. बऱ्याच देशांत नियम झाले आहेत, पण यादी वाचायची सवय तरी ठेवा.

मग लोणी, चरबीदार लाल मांस आणि विशेषतः सॉसेज, बेकन, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस. ते कमी करा, पण जागा कशाने भरताय तिकडे लक्ष द्या. लोण्याच्या जागी पांढरा ब्रेड आणि बिस्किटं आली तर आगीतून उठून फुफाट्यात. त्या जागी असंतृप्त तेलं, सुकामेवा, मासे आले तरच हृदयाला फायदा दिसतो. या प्रकारच्या आहाराचा सर्वांत गाजलेला अभ्यास स्पेनमधला ‘प्रेडिमेड’. सुमारे ७,४०० लोक, एका गटाला भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम सुकामेवा, तिसऱ्याला स्निग्धांश कमी करण्याचा सल्ला. पहिल्या दोन गटांत झटके आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळलं. गट पाडताना चुका झाल्याचं उघड झाल्यावर हा शोधनिबंध मागे घेऊन २०१८ मध्ये नव्याने मांडला गेला. निष्कर्ष साधारण तोच राहिला. मला हा अभ्यास त्यामुळे कमी नाही, जास्त विश्वासाचा वाटतो.

ताजं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल नुसतं चाखलं तर घशात किंचित झोंबतं. ते ओलिओकँथल या द्रव्यामुळे. आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी ज्या एन्झाइमांना अडवते, त्यांनाच हे द्रव्यही अडवतं, असं २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. पण म्हणून लगेच चमच्याने तेल पिऊ नका. ५० ग्रॅम तेलात त्या गोळीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाइतकाच परिणाम निघतो आणि कॅलरी मात्र साडेचारशेच्या घरात.

ओमेगा-३ चं गणित थोडं फसवं आहे. तारली, बांगडा, सामन अशा तेलकट माशांत ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ ची शरीराला थेट वापरता येणारी रूपं तयार मिळतात. अळशी, चिया, अक्रोड यांतलं ओमेगा-३ वेगळ्या रूपातलं असतं आणि शरीर त्यातला लहानसा भागच ईपीए-डीएचएत बदलतं. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा, शंभरेक ग्रॅम, तळलेले नकोत. शाकाहारी असाल तर रोज चमचाभर अळशी, पण कुटून. अख्खे दाणे जसे जातात तसेच बाहेर पडतात. कुटलेली अळशी लवकर खवट होते, तेव्हा थोडीच कुटून फ्रीजमध्ये ठेवा. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूलही मिळतात.

आणि ओमेगा-६? ‘सूर्यफुलाच्या तेलाने दाह वाढतो’ हे इतक्या वेळा सांगितलं जातं की खरंच वाटतं. माणसांवरच्या नियंत्रित चाचण्यांत लिनोलिक आम्ल (अशा तेलांतलं मुख्य ओमेगा-६) वाढवल्याने रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढल्याचं दिसलेलं नाही. तेल बदलण्यापेक्षा तळणं कमी करण्यात वेळ घाला. उकडलेल्या, वाफवलेल्या किंवा रस्सा करून शिजवलेल्या पदार्थापेक्षा करपेपर्यंत भाजलेल्या मांसात दाहाला खतपाणी घालणारी संयुगं कितीतरी जास्त तयार होतात.

पायरी ५: तंतू वाढवा, पण सावकाश

आतड्यातले जीवाणू तंतू खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन तेच, आणि प्रतिकारपेशींना शांत राहायला सांगणारा निरोपही तोच. अस्तर धड असेल तर जीवाणूंचे तुकडे रक्तात कमी झिरपतात. सगळी साखळी इथे मांडत नाही, पण तंतू म्हणजे नुसतं पोट साफ करणारा झाडू, ही समजूत सोडा.

लक्ष्य दिवसाला किमान २५ ग्रॅम. अंदाज यावा म्हणून: शिजवलेला मसूर एक कप, सुमारे १५ ग्रॅम. सालासकट मध्यम सफरचंद, ४. मूठभर बदाम, साडेतीन. कोरडे ओट्स अर्धा कप, ४. पांढऱ्या ब्रेडची चकती, जेमतेम १. म्हणजे एक वेळची डाळ किंवा कडधान्य अर्ध्याहून जास्त काम उरकतं. भाज्या आणि फळं मिळून दिवसाला ४०० ग्रॅम, आणि रंग जितके वेगवेगळे तितकं चांगलं.

आता चूक. मी एका सोमवारी सकाळी ठरवलं आणि त्याच रात्री राजमा, ब्रोकोली, कोबी सगळं एकदम सुरू केलं. बुधवारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं. दर आठवड्याला पाचेक ग्रॅमच वाढवा, पाणी वाढवा, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या. संवेदनशील आतडी किंवा क्रोन्स असलेल्यांनी तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ही पायरी चढूच नये. आतडं अरुंद झालेलं असेल तर तंतूंनी अडथळा होऊ शकतो.

पायरी ६: आंबवलेलं काहीतरी, रोज

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२१ चा छोटासा पण चक्रावून टाकणारा प्रयोग आहे. ३६ निरोगी माणसं, दहा आठवडे. निम्म्यांना भरपूर तंतू, निम्म्यांना दही, केफिर (आंबवलेलं दूध), आंबवलेल्या भाज्या, कोंबुचा (आंबवलेला चहा). आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली १९ दाहकारक प्रथिनं कमी झाली. तंतूंच्या गटात सरसकट तसं झालं नाही. छत्तीस माणसांवरून जग बदलत नसतं, आणि तंतूंना कदाचित दहा आठवडे पुरत नसावेत. पण दोन्ही एकत्र करायला काय हरकत आहे?

दही बिनसाखरेचं हवं. व्हिनेगरमध्ये बुडवलेलं आणि खरंच आंबवलेलं यांत फरक आहे; पहिल्यात जिवंत जीवाणू नसतात. रक्तदाब असेल तर मिठाकडे लक्ष ठेवा.

हळद आणि कॅप्सूल

हा भाग मुद्दाम शेवटी ठेवला. बाकीचं खाणं न बदलता इथून सुरुवात करणं म्हणजे आधी कळस मग पाया.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एका चमचाभर, ३ ग्रॅम पुडीत सुमारे ९० मिलिग्रॅम. चाचण्यांत दिवसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त वापरतात, आणि तेही आतड्यातून फार कमी शोषलं जातं. स्वयंपाकातली हळद खुशाल वापरा, तिच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका. जास्त शोषलं जावं म्हणून काळ्या मिरीतलं पिपेरिन घातलेल्या कॅप्सूल मिळतात. पण पिपेरिन इतर औषधांचंही शोषण बदलतं, आणि अशा तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज हात लावू नका. माशाच्या तेलाचंही तसंच: आमवातात त्याचा माफक उपयोग दिसतो, पण मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो.

टोमॅटो, वांगी, बटाटा सोडले की सांधे सुटतात असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. सर्वांना लागू पडावा असा पुरावा नाही. स्वतःला शंका असेल तर तीन आठवडे फक्त तेवढंच बंद करा, मग पुन्हा सुरू करा आणि वहीतला वेदनेचा रकाना बघा. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाचं वेगळं: सीलिॲकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) शंका असेल तर रक्त तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडलात तर तपासणी फसवी येते.

कुणी काय सांभाळायचं

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत, अचानक बंदही करू नयेत. त्यातलं व्हिटॅमिन के औषधाचा परिणाम बदलतं, म्हणून रोजचं प्रमाण सारखं ठेवा. मूत्रपिंडाच्या विकारात फळं, डाळी, सुकामेवा यांतलं पोटॅशियम अडचणीचं ठरू शकतं. गाऊट (युरिक आम्लामुळे होणारी सांधेदुखी) असणाऱ्यांसाठी तारली आणि बांगडा हे युरिक आम्ल वाढवणाऱ्या प्युरिनने भरलेले आहेत, तेव्हा वरचा माशांचा सल्ला त्यांना जसाच्या तसा लागू नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना साखर एकदम तोडली तर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. मात्रा बदलायची का, हे आधी विचारून घ्या.

बाराव्या आठवड्यात

त्याच प्रयोगशाळेत, सर्दी-ताप नसताना, पुन्हा रक्त तपासा. कमरेचा घेर, वही, वेदनेचे आकडे शेजारी ठेवा. सीआरपी ३.४ वरून २.१ वर आला तर उत्तम, पण एकाच आकड्यावर फार भिस्त ठेवू नका, तो एरवीही थोडा वर-खाली होत असतो. घेर उतरला आणि सीआरपी जागचा हलला नाही, तरी चाललंय ते चालू ठेवा.

काहीच हललं नसेल तर खाण्यात आणखी काय तोडू, हा विचार करण्याआधी झोपेचा रकाना बघा. तो सलग सहा तासांच्या खाली असेल, किंवा घोरण्यामुळे घरातले उठत असतील, तर पुढचं काम तिथे आहे. आणि दंतवैद्याकडे शेवटचं कधी गेला होतात ते आठवा. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असेल, तर पुढची अपॉइंटमेंट त्यांची घ्या.